कळीचा होकार

कळ दाबणे म्हणजे विचारणे. "उमटले का अक्षर?" असे बोट विचारते. चांगला कीबोर्ड तिथल्या तिथे हो म्हणतो. वाईट कीबोर्ड वर पडद्यावर बघायला सांगतो.

दर अक्षराला पडद्यावर बघावे लागले की वेळ फार जात नाही. वाक्याचा सूर जातो.

*

मऊ तो चांगला, हा पहिला गैरसमज. स्वस्त कीबोर्डात कळीखाली रबराची वाटी असते आणि तिच्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे. वाटी पार चेपली की पापुद्रे एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटते. म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी बोट तळाला न्यायचे. नव्याची नवलाई असते तोवर हे जाणवत नाही. पुढे रबर थकते आणि त्याचा थकवा बोटांत उतरतो.

मेकॅनिकल कीबोर्डात ज्या त्या कळीला आपापला स्विच आणि त्यात स्प्रिंग. कळ चार मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर साधारण अर्ध्या वाटेवरच उमटते. निळ्या स्विचच्या कळीत नेमके त्या सुमाराला बोटाला बारीकसा अडथळा लागतो आणि 'टक' वाजते. काम झाले, पुढे जायची गरज नाही.

कुठे थांबावे हे सांगणारी यंत्रे थोडी. माणसे त्याहून थोडी.

*

आयबीएमने १९८५ साली आणलेला मॉडेल एम हा कीबोर्ड काही लोक आजही वापरतात. त्याच्या जोडीचे संगणक केव्हाच भंगारात गेले. संगणक जुना ठरतो तो वेगामुळे. बोटांचा वेग शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही, म्हणून बोटांसाठी नीट केलेली वस्तू सहसा जुनी होत नाही.

*

आपल्याकडे ही 'टक' ओळखीची केली बँकांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी. टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड : काळा, जड, बोलका. खिडकीबाहेर उभ्या माणसाला पडदा दिसत नाही, पण आपले काम सुरू झाल्याचे ऐकू येते.

चेरी कंपनीच्या ज्या निळ्या स्विचसाठी शौकीन मंडळी परदेशी कीबोर्ड मागवतात, तोच स्विच वर्षानुवर्षे आपल्या कारकुनाच्या बोटांखाली होता. त्याने तो कधी मिरवला नाही. अवजार चांगले असले की त्याचा विषयच निघत नाही.

लिहिणाऱ्याला जो आवाज सोबत वाटतो, तो शेजारच्याला कटकट वाटतो. घरात दुसरे माणूस झोपलेले असेल तर निळ्या स्विचचे कौतुक पुरे.

*

गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर बाजारात आणला. पुढच्या दोन-तीन पिढ्या टायपिंगच्या क्लासात यंत्राशी झटून 'मराठी तीस, इंग्रजी चाळीस' करून नोकरीला लागल्या. तिथे कळीला जोर द्यावाच लागे, नाहीतर खिळा फितीवर आपटत नसे. असा हात नाजूक लॅपटॉपवर पडला की टेबल हलते. दोष हाताचा नाही. त्याने एकदा शब्द दिला होता, तो अजून पाळतो आहे.

टाइपरायटरवर 'दि' लिहिताना आधी वेलांटी, मग द, कारण कागदावर वेलांटी डावीकडे बसते. १९९१ च्या भारतीय मानकातल्या इनस्क्रिप्ट मांडणीत आधी द, मग वेलांटी, कारण तोंडातून तसे निघते. एक मांडणी डोळ्याची, दुसरी जिभेची. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला वाटून दिली आहेत, त्यामुळे मराठी लिहिताना दोन्ही हात आळीपाळीने चालतात. हे शास्त्रशुद्ध आहे. पण डोळ्याच्या मांडणीत मुरलेल्या बोटाला शास्त्र पटवता येत नाही.

कीबोर्ड अर्धा दुकानात मिळतो. उरलेला अर्धा हातात आधीच असतो.

*

कोकण किनाऱ्यावरच्या आमच्या हर्ण्यात कीबोर्डाला आणखी एक वाटेकरी आहे : खारी हवा. समोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्यावरच्या लोखंडी तोफांना जिने सोडले नाही, ती टेबलावरच्या स्प्रिंगची गय करणार नाही. रबरी कीबोर्डाच्या पापुद्र्यांवर चांदी मिसळलेल्या शाईच्या रेषा असतात. दमटपणाने त्यातली एक मेली की कळींची रांगच मुकी होते. चेरीच्या स्विचमध्ये जिथे टोकाला टोक भिडते, तिथे सोने वापरलेले असते. सोन्याला गंज माहीत नाही. आणि एखादा स्विच गेलाच, तर तेवढाच सोल्डर करून बदलता येतो.

किनाऱ्यावर वस्तू घेताना ती किती टिकेल हे विचारू नये. मोडल्यावर तिच्यातले किती उरेल हे विचारावे.

*

बंदरावर लिलाव लागतो. होड्या पाण्यात उभ्या, मासळी बैलगाडीतून काठाला, पापलेट-सुरमई-कोळंबीचे ढीग वाळूवर. एवढा व्यवहार, पण त्यात कळ एकही नाही. बोली तोंडाने, होकार मानेने. पण बोली ऐकू गेली पाहिजे. जी ऐकू गेली नाही ती लागलीच नाही.

लिहिणे मागाहून येते. नौकेची नोंदणी, परवान्याचे नूतनीकरण, नाना प्रकारचे अर्ज. समुद्र तोंडी चालतो, सरकार लेखी. दोघांच्या मधे कुणीतरी कीबोर्डापाशी बसलेला असतो. नौकेच्या क्रमांकातला एक आकडा त्याच्या बोटातून निसटला, तर हेलपाटे भलत्याच माणसाला पडतात. म्हणून चांगली कळ ही लेखकाची चैन आहे असे म्हणवत नाही. तिची खरी गरज दुसऱ्याचे लिहून देणाऱ्याला.

*

मोबाइलची काच सगळ्या बोटांना एकच उत्तर देते : काहीच नाही. ही उणीव झाकायला फोन दाबताक्षणी थरथरतो. तो होकार उसना आहे. तरी पोरे दोन अंगठ्यांनी झरझर लिहितात आणि त्यांचे काही अडत नाही. निरोपाला काच पुरते. पानभर मजकूर आला की बोटे उंचवटा शोधू लागतात, एफ आणि जे या कळींवर असतो तो. इनस्क्रिप्टमध्ये त्या जागी ऱ्हस्व वेलांटी आणि र. न बघता घरी पोचता यावे, एवढ्यासाठी तो काडीएवढा उंचवटा.

*

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आले. माडापोफळींबरोबर विजेचे खांब पडले आणि गावेच्या गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. भारीतला भारी कीबोर्डही तेव्हा लाकडाच्या फळीसारखा पडून होता. नुकसानीच्या याद्या हातानेच झाल्या. लिहिणाऱ्याचे विजेवाचून अडले. लिहिण्याचे अडले नाही.

*

दुकानात कीबोर्ड पारखताना लोक ए-एस-डी-एफ बडवून बघतात. इनस्क्रिप्टमध्ये त्या कळींवर दोन मात्रा, एक हलन्त आणि एक वेलांटी येते; अक्षर एकही नाही. त्यापेक्षा रोजचे काहीतरी लिहून बघावे. 'हर्णे' लिहावे. ह, र, हलन्त, शिफ्ट धरून ण, मग मात्रा. दोन्ही हात कामाला लागतात, एक जोडाक्षर होते, करंगळीची परीक्षा होते. शिफ्टसकट सहा कळींत कीबोर्डाचा स्वभाव कळतो. किंमत त्यानंतर विचारावी.

*

चांगल्या कीबोर्डाचा थोडा धाकही बाळगावा. तो सबबी काढून घेतो. बोट अडत नाही, अक्षर गळत नाही, कळ रुसत नाही. एवढे होऊन पान कोरेच राहिले, तर बिघाड कुठे आहे हे शोधायला तंत्रज्ञ बोलवावा लागत नाही.