डिलीट केलेल्या मेलचे ओझे

थंडरबर्डमध्ये इनबॉक्स उघडताना पडदा गोठू लागला की बहुतेक जण आधी इंटरनेटला दोष देतात आणि मग जुने मेल डिलीट करत सुटतात. हजारो मेल जातात, वेग मात्र तसाच. मोझिलाचा हा प्रोग्रॅम, सेटिंग बदलले नसेल तर, एका फोल्डरमधले सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये एकापाठोपाठ साठवतो. मेल डिलीट केला की त्यावर फक्त तशी खूण होते. मजकूर जागचा हलत नाही. फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच फाइल नव्याने लिहिली जाते आणि खूण केलेले मेल खरोखर बाहेर पडतात. आउटलुकच्या पीएसटी फाइलमध्येही मेल गेला म्हणून फाइल लगेच लहान होत नाही. सर्व्हरवरच्या आयमॅप व्यवस्थेत तर खूण करणे आणि काढून टाकणे या दोन स्वतंत्र आज्ञाच आहेत.

मग टाकणे नेमके कधी पूर्ण होते? आणि मुळात टाकायचे तरी कशासाठी?

हा दुसरा प्रश्न एके काळी पडतच नसे. 1 एप्रिल 2004 रोजी जीमेल आले तेव्हा हॉटमेलच्या फुकट खात्यात 2 एमबी जागा मिळे. पेटी भरली की पुसणे भागच असे. जीमेलने एकदम 1 जीबी दिली आणि आता काही पुसायची गरज नाही, असा भरवसाही दिला. सक्ती गेली, तेव्हापासून ठेवणे हा ज्याच्या त्याच्या निवडीचा भाग झाला.

किती ठेवावे, हा प्रश्न मात्र मेलपेक्षा जुना आहे. 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजी दर मंगळवारी साबरमतीच्या आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहीत. अपरिग्रहाबद्दलचे त्यांचे म्हणणे असे, की एकाने गरजेपेक्षा जास्त साठवले की दुसऱ्याला कमी पडते. मेलच्या बाबतीत हा युक्तिवाद लंगडा पडतो. कुणी 2009 सालची रेल्वे तिकिटे जपून ठेवली म्हणून शेजाऱ्याचे काही अडत नाही. पण गांधीजींनी ते व्रत विचारांनाही लावले होते: निरुपयोगी माहितीने डोके भरणे हाही परिग्रहच.

जैन परंपरेने हा प्रश्न आणखी बारकाईने हाताळला आहे. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही. आसक्तीवरून केली आहे. मुनीने वस्त्र ठेवावे की नाही, या दिगंबर-श्वेतांबर वादात ही व्याख्या कळीची ठरते. मेलपेटीलाही ती चपखल लागू पडते. वेगळ्या फोल्डरमध्ये लावून ठेवलेले चाळीस हजार जुने मेल यंत्राला फारसे जड जात नाहीत, माणसालाही नाहीत. इनबॉक्समध्ये निर्णयावाचून लोंबकळणारे तीनशे मेल यंत्राला जाणवतही नाहीत. माणसाला मात्र ते रोज सकाळी अडवतात.

त्यातही सर्वांत चिवट असतात ते भांडणाचे मेल, कधीतरी पुरावा म्हणून लागतील या आशेने राखलेले. सावकारीच्या कर्जखतांपैकी आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली आणि धाकट्या भावाचा, कान्होबांचा हिस्सा त्यांना दिला, असे परंपरा सांगते. कागद बुडाले म्हणजे येणे बुडाले; ऋणको मोकळे झाले. भावाचा हक्क त्यांनी बुडवला नाही, ही गोष्टही तेवढीच मोलाची. सगळेच पुसणे धर्म्य नसते. दुसऱ्याचा हक्क ज्या मेलवर टिकून आहे, तो ठेवलाच पाहिजे.

जैन श्रावकाला सर्वत्याग सांगितलेला नाही. परिग्रह-परिमाण व्रतात त्याने आपली मर्यादा आधीच, स्वतःच ठरवायची असते. थंडरबर्डच्या फोल्डर-गुणधर्मांत जवळपास हेच करता येते: किती दिवसांपूर्वीचे मेल आपोआप काढायचे किंवा नवीनपैकी किती राखायचे, हे तिथे ठरवून देता येते. आयमॅप खाते असेल तर सर्व्हरवरची मूळ प्रतही त्यात जाते, म्हणून आधी बॅकअप हवा. तारांकित मेल कायम ठेवण्याची सोयही त्याच खिडकीत आहे. तारा कोणत्या मेलला द्यायचा, ते प्रोग्रॅम ठरवत नाही.