तळे पाहिले, पण त्याच्या कर्त्याकडे पाहिले काय?

शास्त्रपाठ : यशया २२:८–११, २ राजे १८:१३–१६, २०:२०



पवित्र शास्त्रातील देशांत कोठे काही उत्खनन झाले, एखादी मुद्रा अथवा शिलालेख सापडला, की त्याचे वृत्त आपल्या मंडळ्यांत लवकरच पोहोचते. मग दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. कोणी हर्षाने म्हणतो, “पाहा, आता बायबल खरे ठरले!” दुसरा कोणी, बहुधा महाविद्यालयात शिकणारा तरुण, खिन्न होऊन विचारतो, “अमुक ठिकाणी तर काहीच सापडले नाही. मग आम्ही विश्वास कशावर ठेवावा?” हे दोन्ही उद्गार वरवर परस्परविरोधी वाटतात; परंतु दोघांचाही पाया एकच आहे. दोघेही आपला विश्वास दगडांवर उभा करू पाहतात. म्हणून दगड आपल्याला काय देऊ शकतात आणि काय देऊ शकत नाहीत, याचा आज आपण शास्त्राच्या प्रकाशात विचार करू.

प्रथम एक शब्द पाहू. यिर्मया ३०:१८ मध्ये नगर पुन्हा आपल्या जुन्या टेकाडावर बांधले जाईल असे अभिवचन आहे. तेथे मूळ इब्री शब्द ‘तेल’ असा आहे. एकाच जागी शतकानुशतके घरे बांधली गेली, पडली, जळली आणि त्यांच्याच ढिगाऱ्यावर नवी उभी राहिली, म्हणजे जे टेकाड तयार होते ते ‘तेल’. महाराष्ट्रातील खेडुताला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. तो गावाजवळच्या जुन्या वस्तीच्या उंचवट्याला ‘पांढरी’चे टेकाड म्हणतो, आणि तेथे नांगराला खापरे लागतात हेही त्याला ठाऊक असते. इ. स. १८९० मध्ये फ्लिंडर्स पेट्री या संशोधकाने पॅलेस्टाईनमधील तेल एल-हेसी येथे दाखवून दिले की, प्रत्येक थरातील खापरांची घडण वेगळी असते व तिच्यावरून त्या थराचा काळ ठरविता येतो. सोन्यानाण्यांपेक्षा कुंभाराची फुटकी खापरे इतिहासाला अधिक उपयोगी पडली. जे जगाने टाकून दिले होते, तेच साक्षीदार झाले.

आता हिज्कीया राजाच्या काळाकडे वळू. इ. स. पूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. या एका वर्षाविषयी भूमीने जितकी साक्ष दिली आहे, तितकी बायबलमधील फार थोड्या प्रसंगांविषयी दिली आहे.

यरुशलेमेच्या जुन्या शहरात १९७० च्या दशकाच्या प्रारंभी नाहमान अविगाद यांना सुमारे ७ मीटर जाडीची एक भिंत सापडली. ती हिज्कीयाच्या काळातील असल्याचे सामान्यतः मानले जाते. भिंतीच्या मार्गात जी घरे होती ती पाडून तिचा पाया घातला होता. यशया २२:१० मध्ये संदेष्टा म्हणतो की, तुम्ही यरुशलेमेची घरे मोजली आणि कोट बळकट करण्यासाठी ती पाडली. हे वचन आपण कितीदा तरी वाचले असेल. परंतु कोणाच्या तरी चुलीवरून, कोणाच्या तरी उंबरठ्यावरून गेलेली ती भिंत पाहिल्यावर ते वचन निराळ्या कानांनी ऐकू येते.

त्याच नगराच्या पोटातून गीहोन झऱ्याचे पाणी शिलोहाच्या तळ्याकडे नेणारे भुयार आहे. २ राजे २०:२० मध्ये हिज्कीयाने पाणी नगरात आणल्याचा उल्लेख आहे. हे भुयार सुमारे ५३३ मीटर लांब असून ते खडकातून वळणे घेत जाते. १८८० मध्ये त्याच्या भिंतीवर एका मुलाला कोरलेली अक्षरे आढळली. हा लेख आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. दोन बाजूंनी खोदत आलेल्या मजुरांना शेवटी खडकापलीकडून एकमेकांच्या हाका कशा ऐकू आल्या, आणि मग पाणी झऱ्यापासून तळ्याकडे कसे वाहू लागले, याचे वर्णन त्यात आहे. त्या लेखात राजाचे नाव नाही. परमेश्वराचेही नाव नाही. अंधारात टिकाव चालविणाऱ्यांचा आनंद मात्र आहे. राजांच्या इतिहासात ज्यांना ओळभर जागा मिळाली नाही, त्यांचा आवाज खडकाने जपून ठेवला.

लाखीशाची कथा याहून हृदयद्रावक आहे. २ राजे १८ मध्ये लाखीशाचा उल्लेख एवढाच की, सन्हेरीब तेथे होता व हिज्कीयाने तेथे निरोप व खंडणी पाठविली. नगराचे काय झाले, हे तेथे सांगितलेले नाही. परंतु निनवे येथील सन्हेरीबाच्या राजवाड्यात, लेयार्ड यांनी केलेल्या उत्खननात, एका दालनाच्या भिंतींवर लाखीशाच्या पाडावाची चित्रेच कोरलेली सापडली. आज ती लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत. वेढा घालणारे सैन्य, तटाला भिडविलेला मातीदगडांचा उतार, खांबांवर टांगलेले कैदी आणि बैलगाड्यांत आपले किडूकमिडूक घालून परमुलखात निघालेल्या स्त्रिया व मुले त्या चित्रांत दिसतात. प्रत्यक्ष लाखीशाच्या टेकाडावरही तो उतार, बाणांची पाती आणि गोफणीचे गुंडे सापडले आहेत.

प्रिय वाचकहो, मीखा संदेष्टा याच भागातला होता. त्याच्या पहिल्या अध्यायात तो लाखीशाचे नाव घेऊन विलाप करतो आणि आपली लाडकी मुले बंदिवासात गेली म्हणून डोके मुंडण्यास सांगतो. ती चित्रे पाहिल्यावर हा विलाप काव्यालंकार राहत नाही. यरुशलेम वाचली, या आनंदगीतात लाखीश बुडाली हे विसरून चालत नाही. ज्यांच्या सुटकेची साक्ष सांगितली जाते त्यांच्याबरोबरच, ज्यांची सुटका झाली नाही त्यांचेही अश्रू देवाच्या वचनात आहेत. आपल्या उपासनेत आपण दोघांना जागा देतो काय?

केवळ प्रसंगच नव्हे, तर शास्त्रातील शब्दही भूमीने उजळले आहेत. १ शमुवेल १३:२१ मध्ये ‘पीम’ असा एक इब्री शब्द आहे. तो संपूर्ण जुन्या करारात दुसरीकडे कोठेही येत नाही. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनी संदर्भावरून तर्क करून ‘कानस’ असा त्याचा अर्थ घेतला. पुढे विसाव्या शतकात ‘पीम’ ही अक्षरे कोरलेली लहान दगडी वजने सापडली. ती सुमारे पाऊण तोळ्याहूनही कमी, म्हणजे साधारण दोन तृतीयांश शेकेल भाराची आहेत. तेव्हा उलगडा झाला की ती कानस नव्हे, ती मजुरी आहे! इस्राएलात लोहार राहू दिला नव्हता; फाळाला धार लावायची तर पलिष्ट्यांकडे जायचे आणि एक पीम चांदी मोजायची. एका मूठभर दगडाने त्या वचनातील शेतकऱ्याची सारी नाडणूक आपल्यापुढे उभी केली. भाषांतर करणाऱ्याने अशा दगडांपुढे नम्रपणे शिकावयास बसले पाहिजे.

इतके उपकार मानूनही सावधगिरीचा एक शब्द सांगणे अवश्य आहे. १९३० च्या दशकात जॉन गार्स्टँग यांनी यरीहो येथे कोसळलेले तट शोधले आणि ते यहोशवाच्या काळातील असल्याचे जाहीर केले. पुष्कळ व्यासपीठांवरून त्याची ग्वाही देण्यात आली. नंतर १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केन्यन यांनी तेथेच अधिक काटेकोर उत्खनन केले, तेव्हा ते तट यहोशवाच्या कित्येक शतके आधीचे असल्याचे दिसून आले. ज्यांनी आपला विश्वास त्या तटांवर टेकविला होता, त्यांचे काय झाले असेल? उलट, दावीद राजाचे नाव बायबलबाहेर कोठेच नाही असे म्हटले जात असता, १९९३ मध्ये तेल दान येथे ‘दाविदाचे घराणे’ असा उल्लेख असलेला अरामी शिलालेखाचा तुकडा हाती आला. ज्यांनी आपला अविश्वास त्या मौनावर टेकविला होता, त्यांनाही विचार करावा लागला. फावडे आज एक बोलते, उद्या आणखी काही बोलते. हा त्याचा दोष नव्हे. प्रामाणिक विद्येचा तो गुणच आहे. परंतु आत्म्याचा नांगर टाकण्याची ती जागा नव्हे.

शिवाय ७०१ चीच घटना पाहा. सन्हेरीबाच्या स्वतःच्या लेखात तो यहूदाची ४६ तटबंदीची नगरे जिंकल्याचे आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखराप्रमाणे कोंडल्याचे सांगतो. पण यरुशलेम घेतली असे म्हणत नाही. खंडणीत ३० किक्कार सोने होते, हे तो व शास्त्र दोघेही सांगतात. येथपर्यंत मातीची वीट आपल्याबरोबर चालते. परंतु यरुशलेम का वाचली? त्या रात्री कोणाचा हात चालला? हे कोणतीही वीट सांगू शकत नाही. ते वचनानेच कळते, आणि विश्वासानेच स्वीकारावे लागते.

आता पुन्हा आपल्या शास्त्रपाठाकडे या. यशया भिंत बांधू नका, भुयार खोदू नका, असे म्हणत नाही. त्याचा आरोप निराळा आहे, आणि तो दोन क्रियापदांत साठवलेला आहे. ‘दृष्टी लावणे’ व ‘पाहणे’ ही दोन इब्री क्रियापदे आठव्या व नवव्या वचनांत येतात : तुम्ही शस्त्रागाराकडे दृष्टी लावली, तटाची भगदाडे पाहिली. अकराव्या वचनात तीच दोन क्रियापदे नकारासह परत येतात : पण हे ज्याने केले त्याच्याकडे तुम्ही दृष्टी लावली नाही, ज्याने पुरातन काळी हे योजिले त्याला पाहिले नाही. डोळे होते, दृष्टीही तीक्ष्ण होती. फक्त ती तळ्याशीच थांबली.

हाच प्रश्न आज आपल्याला आहे. शोधांच्या बातम्यांचा कोट रचून आपण त्याआड सुरक्षित बसू पाहतो काय? आपल्या पूर्वजांनी बांधलेली दगडी मंदिरे, आवारभिंती, मंडळीच्या नावाची ठेव हे सर्व आपण मोजतो, जसे त्यांनी घरे मोजली. पण ज्याने ही मंडळी घडविली त्याच्याकडे पाहतो काय? मुंबई-पुण्यात असा, की इंदूर, हैदराबाद वा दिल्लीतील एखाद्या लहान मराठी मंडळीत असा, शत्रू वेशीपाशी येतो तेव्हा आपली नजर आधी कोठे जाते, यावरून आपला देव कोण हे कळते.

म्हणून माझी विनंती अशी : आपल्या तरुणांना उत्खननाविषयी भिऊ देऊ नका. त्यांना ते आनंदाने वाचू द्या, शंका विचारू द्या. सत्याचा देव सत्यशोधनाने दुखावत नाही. मात्र एखाद्या शोधाची खात्री न करता व्यासपीठावरून घोषणा करू नका. आणि बायबल हाती घ्याल तेव्हा, ते तुमचा बचाव करण्यासाठी नव्हे, तर तुमच्याशी बोलण्यासाठी दिलेले आहे, हे लक्षात ठेवा.

अकराव्या वचनात ‘योजिले’ या अर्थी जो शब्द आहे, त्याच धातूपासून इब्रीत ‘कुंभार’ हा शब्द बनतो. खापरे वाचणारा संशोधक आपल्याला काळ सांगेल, घडण सांगेल, कोणत्या भट्टीत ते भाजले तेही कदाचित सांगेल. ते खापर कोणाच्या हातचे आहे आणि त्या हाताला ते अजूनही प्रिय आहे काय, हे मात्र कुंभारच सांगू शकतो. आपण तर त्याच्या हातची मातीची पात्रे आहोत. काळाच्या ढिगाऱ्यात आपण हरवू, तरी त्याला हरवणार नाही. त्या कर्त्याकडे दृष्टी लावण्याची कृपा प्रभू येशू ख्रिस्त आपणा सर्वांना देवो. आमेन.