लिलावाची अखेरची घटका आणि विक्रेत्याचा अधिकार

ऑनलाइन लिलावात वस्तू मांडणाऱ्या विक्रेत्याला वस्तूचे वर्णन, छायाचित्रे आणि आरंभीची किंमत ठरवून झाल्यावर आणखी एक निर्णय घ्यावा लागतो, तो म्हणजे लिलाव कोणत्या वारी आणि किती वाजता संपावा. या एका निर्णयात दोन जुने तात्त्विक प्रश्न गुंतलेले आहेत. काळाच्या एखाद्या तुकड्याला स्वतःचा असा काही गुण असतो काय, हा पहिला प्रश्न. आणि केवळ वेळ साधल्यामुळे जी वाढीव किंमत हाती येते तिच्यावर विक्रेत्याचा नैतिक अधिकार पोहोचतो काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे, मात्र ते दिल्यावाचून दुसऱ्याकडे वळता येत नाही.

१९९५ साली सप्टेंबर महिन्यात पिएर ओमिड्यार यांनी कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे जे लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले आणि जे पुढे ईबे या नावाने जगभर पोहोचले, त्याने लिलावाच्या समाप्तीचा एक कडक नियम रूढ केला. विक्रेत्याने एक, तीन, पाच, सात किंवा दहा दिवसांची मुदत निवडायची, आणि ज्या क्षणी ती मुदत पुरी होईल त्या क्षणी ज्याची बोली सर्वांत वर असेल त्याला वस्तू मिळायची. मुदत मांडणीच्या क्षणापासून मोजली जात असल्यामुळे लिलाव सुरू करण्याची वेळ निवडणे म्हणजेच तो संपण्याची वेळ निवडणे होय. यातूनच विक्रेत्यांमध्ये एक लोकसमजूत रुजली, ती अशी की सात किंवा दहा दिवसांचा लिलाव रविवारी संध्याकाळी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सहाच्या पुढे, संपावा. कारण तेव्हा पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि देशाच्या दोन्ही टोकांना माणसे घरी, जेवणे आटोपून, पडद्यासमोर बसलेली असतात. उन्हाळ्यातील त्याच क्षणी मुंबई-पुण्यात सोमवारी सकाळचे साडेसहा वाजलेले असतात, म्हणजे येथल्या बोलीदाराच्या दृष्टीने ती शुभ वेळ कामावर जाण्याच्या घाईत बुडालेली असते.

ही समजूत मुहूर्ताच्या कल्पनेच्या फार जवळ जाते, म्हणून तिची परीक्षा त्याच भूमीवर करणे उचित ठरेल. अहोरात्राचे तीस मुहूर्त, म्हणजे प्रत्येकी दोन घटकांचे किंवा अठ्ठेचाळीस मिनिटांचे भाग, मानून त्यांतील काहींना शुभ आणि काहींना अशुभ म्हणण्याची परंपरा भारतात प्राचीन आहे, आणि १९५७ पासून मुंबई शेअर बाजारात लक्ष्मीपूजनाच्या दिवशी होणारे मुहूर्ताचे सौदे हे तिचे आधुनिक रूप आहे. याच भारतात वैशेषिक दर्शनाने मात्र काळाविषयी वेगळी आणि अधिक काटेकोर भूमिका घेतली. त्या दर्शनात काळ हे नऊ द्रव्यांपैकी एक द्रव्य आहे. ते एक आहे, नित्य आहे आणि विभू, म्हणजे सर्वत्र व्यापून असणारे, आहे, आणि त्याला रूप, रस किंवा गंध यांसारखा कोणताही विशेष गुण नाही. क्षण, दिवस, महिना हे जे भेद केले जातात ते काळाचे स्वतःचे नसून उपाधीमुळे, म्हणजे सूर्याच्या गतीसारख्या बाह्य निमित्तामुळे, त्याच्यावर आरोपिले जातात. ही भूमिका मान्य केली तर रविवारच्या संध्याकाळी काही विशेष आहे असे म्हणण्याचा अर्थ एवढाच उरतो की त्या वेळी माणसांची स्थिती विशेष असते.

माणसांची स्थिती हीच खरी उपाधी असेल, तर ती सर्व विक्रेत्यांना एकाच वेळी दिसते हेही ओघानेच आले. उरी सायमनसन या संशोधकाने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ईबेवरील लिलावांच्या समाप्तीच्या वेळा तपासल्या, तेव्हा असे आढळले की ग्राहकांच्या गर्दीच्या तासांत संपणाऱ्या लिलावांची संख्या ग्राहकांच्या प्रमाणापेक्षाही अधिक असते आणि परिणामी त्याच तासांत वस्तू विकली जाण्याची शक्यता आणि मिळणारी किंमत या दोन्ही कमी असतात. त्याहून महत्त्वाचे असे की ही चूक वेळेचा विचारच न करणाऱ्यांपेक्षा, वेळ विचारपूर्वक निवडली असण्याचा संभव अधिक अशा विक्रेत्यांकडून जास्त घडत होती. ग्राहक केव्हा येतील याचा हिशेब प्रत्येकाने केला, पण तोच हिशेब इतरही करीत आहेत हे फार थोड्यांच्या ध्यानी आले. काळाला गुण चिकटवण्याचा दोष येथे स्पष्ट दिसतो, कारण जी वेळ सर्वांनी उत्तम मानली तिचे उत्तमपण सर्वांनी मानल्यामुळेच नाहीसे झाले.

मुहूर्ताशी असलेले साम्य आणखी एका ठिकाणी तुटते, आणि हा भेद नीतीच्या दृष्टीने निर्णायक आहे. विवाहाचा, गृहप्रवेशाचा किंवा पेरणीचा मुहूर्त पाहणारा माणूस स्वतःच्या कर्मासाठी वेळ निवडतो. त्या वेळी जे करायचे ते त्यालाच किंवा त्याच्या कुटुंबाला करायचे असते. लिलावात वेळ निवडतो विक्रेता, आणि त्या वेळी कृती करतो तो बोलीदार. एकाने निवडलेल्या घटकेत दुसऱ्याला निर्णय घ्यावा लागतो, म्हणून ही निवड केवळ शहाणपणाची बाब न राहता न्यायाची बाब होते.

या न्यायाचा विचार करताना लिलाव मुळात संपतो कसा हे पाहावे लागते. बाजार समितीच्या आवारात अडत्यासमोर होणारा लिलाव ‘एक वार, दोन वार, तीन वार’ या पुकाऱ्याने संपतो. तेथे घड्याळाला स्थान नाही, बोली वाढवणाऱ्यांची इच्छा संपली की लिलाव संपतो, आणि तो पुकारा म्हणजे प्रत्येकाला दिलेली विचाराची शेवटची सवड असते. भारतातील १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे ६४ वे कलमही हेच तत्त्व मानते: हातोडा पडेपर्यंत, किंवा रूढ रीतीने विक्री पुरी झाल्याचे जाहीर होईपर्यंत, कोणालाही आपली बोली मागे घेता येते. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मेणबत्तीच्या लिलावाची पद्धत होती, जिच्यात मेणबत्तीचा छोटा तुकडा पेटवून तो विझण्यापूर्वीची शेवटची बोली स्वीकारली जाई. सॅम्युअल पीप्स यांच्या रोजनिशीत १६६० आणि १६६२ साली पाहिलेल्या अशा लिलावांची नोंद असून, ज्योत विझण्याच्या नेमक्या आधी धूर खाली झुकतो हे ओळखून एका चतुर बोलीदाराने आपला डाव साधल्याचेही तीत आले आहे. पहिल्या प्रकारात लिलावाचा शेवट माणसांच्या हाती असतो, दुसऱ्यात तो योगायोगावर सोपवलेला असतो. ईबेच्या पद्धतीत तो घड्याळाकडे गेला, आणि घड्याळ लावण्याचा अधिकार दोन पक्षांपैकी एकाच पक्षाला, म्हणजे विक्रेत्याला, मिळाला.

या बदलाचे फळ लवकरच दिसले. ईबेवर बोलीदाराला आपली कमाल किंमत गुप्तपणे नोंदवता येते आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते; या सोयीला प्रॉक्सी बोली, म्हणजे प्रतिनिधीमार्फत लावलेली बोली, म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ साली मांडलेल्या सिद्धांताप्रमाणे, विजेत्याला, येथे जवळजवळ घडते तसे, दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच किंमत द्यावी लागत असेल तर प्रत्येकाने आपल्या मनातील खरे मूल्य शांतपणे सांगून टाकण्यातच त्याचे हित असते. प्रत्यक्षात मात्र असंख्य बोलीदार अखेरच्या काही सेकंदांत झडप घालू लागले, आणि या प्रकाराला स्नायपिंग, म्हणजे दबा धरून नेम साधणे, असे नाव पडले. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली ईबेची तुलना ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी केली. ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की लिलावाची मुदत आपोआप वाढत असे, म्हणजे सलग दहा मिनिटे शांततेत गेल्यावाचून लिलाव संपत नसे. तेथे अखेरची झडप ईबेच्या मानाने फारच कमी आढळली. माणसे साधारण तशीच असताना आणि वस्तूही तशाच असताना केवळ समाप्तीच्या नियमाने त्यांचे वर्तन बदलले, यावरून अखेरच्या क्षणाची घाई ही बोलीदाराच्या स्वभावाहून नियमाची निपज अधिक आहे, असे मानावे लागते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येते. चढाओढीने वाढलेली किंमत कोणाची, हा प्रश्न भारतीय विचाराला अपरिचित नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात, नगरद्वारापाशी शुल्काध्यक्षाच्या ध्वजाखाली आलेल्या व्यापाऱ्याने मालाचे प्रमाण आणि किंमत सांगून ‘या किमतीला कोण घेणार’ असा तीनदा पुकारा करावा, असे विधान आहे. आणि ग्राहकांच्या परस्परांतील संघर्षामुळे किंमत वाढली, तर ती वाढ शुल्कासह राजाच्या कोशात जमा व्हावी, असाही दंडक आहे. घर-जमिनीच्या विक्रीसाठीही तेथे असाच नियम सांगितला आहे. या नियमामागे राजाचा महसूल वाढवण्याचा हेतू उघड आहे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु केवळ महसुलाचाच हेतू असता तर विक्रीच्या एकूण किमतीवर अधिक कर बसवूनही तो साधला असता. नेमकी चढाओढीची वाढ वेगळी काढण्यात एक सूक्ष्म भेद अभिप्रेत आहे, तो असा की व्यापाऱ्याने आपल्या श्रमाचा, भांडवलाचा आणि जोखमीचा विचार करून जी किंमत स्वतः पुकारली तेवढीच त्याची, आणि ग्राहकांच्या ईर्ष्येने जी भर घातली ती त्याने निर्माण केलेली नव्हे.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिका’ या ग्रंथात अगदी वेगळ्या मार्गाने याच ठिकाणी येऊन विचार मांडला. वस्तू दिल्याने विक्रेत्याचे काही विशेष नुकसान होत असेल तर त्याने अधिक किंमत घेणे योग्य, पण अधिक किमतीचे कारण केवळ ग्राहकाच्या स्थितीत असेल तर ती घेणे अयोग्य, कारण जे स्वतःचे नाही ते कोणी विकू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्याच प्रकरणात त्यांनी रोमन विचारवंत सिसेरोपासून चालत आलेले व्यापाऱ्याचे उदाहरण विचारात घेतले आहे: दुष्काळी गावात धान्य घेऊन पोहोचलेल्या व्यापाऱ्याला मागून आणखी धान्य येत आहे हे ठाऊक असेल, तर त्याने ते सांगितलेच पाहिजे काय? सिसेरोने सांगणे हे कर्तव्य मानले. अक्वायनस यांनी न्यायाने ते बंधनकारक नाही, पण सांगणे अधिक सद्गुणाचे आहे, असे म्हटले. या उदाहरणातील व्यापारी काळाचाच लाभ घेतो, मात्र तो काळ त्याने घडवलेला नसतो. लिलावाची वेळ निवडणारा विक्रेता याहून एक पाऊल पुढे जातो, कारण ग्राहक ज्या घटकेत सापडणार ती घटका तो स्वतः ठरवतो.

यावर गंभीर आक्षेप असा की बोलीदार स्वेच्छेने येतो, त्याला कोणी ओढून आणीत नाही, आणि स्वेच्छेने दिलेल्या किमतीत अन्याय शोधणे व्यर्थ आहे. हा आक्षेप बलवान आहे, परंतु संमती ही सर्व स्थितींत सारखी नसते हे धर्मशास्त्राने फार पूर्वी ओळखले होते. नशेत असलेल्याने, वेड्याने किंवा आर्ताने, म्हणजे पीडेने व्याकूळ झालेल्याने, केलेला व्यवहार सिद्ध होत नाही, असे मनुस्मृती सांगते. आणि खरेदी वा विक्री केल्यावर ज्याला अनुशय, म्हणजे पस्तावा, होईल त्याला दहा दिवसांच्या आत व्यवहार परतवण्याची मुभाही देते. लिलावाच्या अखेरच्या मिनिटात असलेला बोलीदार मत्त वा आर्त नव्हे, हे खरे; पण दिवसभराच्या थकव्यानंतर रात्री उशिरा, उलट मोजणी करणाऱ्या आकड्यांसमोर, अनोळखी प्रतिस्पर्ध्याच्या ईर्ष्येने घेतलेला निर्णय आणि सकाळी शांत चित्ताने घेतलेला निर्णय यांत जे अंतर आहे, त्याच अंतरासाठी ती दहा दिवसांची मुभा होती. इस्लामी धर्मशास्त्रात लिलाव वैध असूनही नज्श, म्हणजे घेण्याची इच्छा नसताना केवळ किंमत चढवण्यासाठी लावलेली खोटी बोली, निषिद्ध आहे. वर उल्लेखिलेल्या १९३० च्या कायद्यातही विक्रेत्याने अशी खोटी बोली वापरली तर विक्री रद्द करण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. वेळेची निवड ही खोटी बोली नव्हे, परंतु ग्राहकाच्या तापलेल्या मनावरच नजर ठेवून ती केली असेल तर दोहोंचा रोख एकच असतो.

चढाओढीचा ताप सर्वत्र दोषास्पद असतो असेही नाही, हे श्वेतांबर मूर्तिपूजक जैन समाजातील बोलीवरून दिसते. मुंबई-पुण्यातील देरासरांतही, म्हणजे जैन मंदिरांतही, पर्युषणात महावीरजन्माचे वाचन होते त्या दिवशी महावीरांच्या मातेने पाहिलेल्या चौदा स्वप्नांच्या दर्शनाचा किंवा आरतीचा मान बोलीने दिला जातो, आणि ही बोली परंपरेने तुपाच्या मणांत बोलली जाते. येथे ईर्ष्या वाढते तसा त्यागही वाढतो, आणि ती वाढ कोणा विक्रेत्याच्या खिशात न जाता देवद्रव्यात, म्हणजे देवाच्या निधीत, जाते. मान मिरवण्याचा मोह तेथेही शिरतो, पण कौटिल्याने ज्या वाढीचा धनी विक्रेत्याला होऊ दिले नाही ती येथे आपोआपच कोणा एकाची होत नाही.

म्हणून विक्रेत्याच्या निवडीचा निवाडा तिच्या हेतूवर करावा लागतो. ज्यांना वस्तू हवी आहे अशा अधिकात अधिक माणसांना उपस्थित राहता यावे आणि सावधपणे विचार करता यावा म्हणून रविवारची संध्याकाळ निवडणारा विक्रेता कोणाचेही काही हिरावून घेत नाही. त्या उपस्थितीतून आलेली किंमत त्याचीच आहे. तीच संध्याकाळ ग्राहक थकलेला, एकटा आणि चटकन पेटणारा असतो म्हणून निवडली असेल, तर तिच्यातून आलेली वाढ कायद्याने त्याची असली तरी न्यायाने त्याची नाही. हेतू बाहेरून दिसत नाही ही अडचण खरी आहे, आणि म्हणूनच हा भार विक्रेत्याच्या एकट्याच्या विवेकावर न टाकता नियमाने उचलावा हे अधिक योग्य. शेवटची बोली आल्यावर ठरावीक सवड दिल्यावाचून लिलाव बंद न करणारा नियम तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही, तो एकेकाळी प्रत्यक्ष चालला आहे, आणि जी लिलावस्थळे आजही घड्याळाच्या ठोक्यावर बोली तोडतात त्यांनी तो स्वीकारायला हवा.