साक्षीदारच आरोपी

१९३० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये मुलांच्या मनोविकारांसाठी वेगळा विभाग सुरू झाला. तो ज्यांच्याकडे सोपवला गेला, त्या लिओ कॅनर यांनी या विषयाचं रीतसर शिक्षण घेतलेलंच नव्हतं. गॅलिशियातल्या खेड्यात जन्मलेले, बर्लिनमध्ये डॉक्टर झालेले हे ज्यू गृहस्थ १९२४ मध्ये अमेरिकेत आले आणि साउथ डकोटाच्या यँक्टन मनोरुग्णालयात रुजू झाले. विभागाला पाच वर्षं होताहेत तोवर, १९३५ मध्ये, त्यांनी बालमनोविकारांवरचं इंग्रजीतलं पहिलं पाठ्यपुस्तक लिहून टाकलं.

त्यांचा पिंड मात्र बचावाच्या वकिलाचा. मेरीलँडमधल्या रोजवूड या मतिमंदांच्या सरकारी संस्थेतून एक वकील कोर्टाच्या हुकमाने मुली सोडवून आणत असे आणि श्रीमंत घरांत मोलकरणी म्हणून पोहोचवत असे. पुढे त्या मुलींचं काय झालं, याची विचारपूस कुणी केली नव्हती. कॅनर यांनी ती केली आणि १९३७ मध्ये अशा १६६ जणींची कहाणी चव्हाट्यावर मांडली. १९४१ मध्ये त्यांनी तज्ज्ञांच्या सल्ल्यांनी भेदरलेल्या आयांची बाजू घेणारं पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी फॉस्टर केनेडी या नामांकित मेंदूविकारतज्ज्ञाने तीव्र मतिमंद मुलांना दयामरण द्यावं, असं एका नियतकालिकात सुचवलं, तेव्हा त्याच नियतकालिकात कॅनर यांनी त्याला विरोध केला. संपादकीयाचा कल केनेडीकडे होता, हे आज वाचताना अंगावर काटा येतो.

अशा माणसाच्या हातून आई-बापांवर आळ यावा, ही या चरित्रातली खरी गाठ आहे.

१९३८ मध्ये मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावाहून बीमन ट्रिपलेट या वकिलाचं टंकलिखित ३३ पानी पत्र आलं. पाच वर्षांचा डोनाल्ड हाक मारली तरी वळून पाहत नाही, गोल फिरणाऱ्या वस्तूंत तासन्‌तास रमतो, ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणतो आणि स्वतःला ‘तू’ म्हणतो, असे बारीकसारीक तपशील त्यात होते. १९४३ मध्ये कॅनर यांनी आठ मुलगे आणि तीन मुली अशा अकरा जणांवर तो प्रसिद्ध निबंध लिहिला आणि स्वमग्नतेला वैद्यकात स्वतंत्र जागा मिळाली. डोनाल्ड त्यातला पहिला. दवाखान्यात मूल दिसणार किती वेळ? निबंधाचा बराचसा जीव होता तो घरच्यांनी टिपून ठेवलेल्या गोष्टींत.

हा दोष जन्मजात असावा, असं निबंधाच्या शेवटी स्पष्ट लिहिलं आहे. पण मायाळू आई-वडील या गटात फारसे आढळले नाहीत, अशी नोंदही तिथेच आहे. पुढे हीच नोंद फुगत गेली. बर्फ कधी न वितळणाऱ्या फ्रिजमध्ये ही मुलं ठेवल्यासारखी वाढली, असं कॅनर यांनी १९४९ मध्ये लिहिलं. त्या एका उपमेने केलेलं नुकसान शंभर निबंधांनी भरून निघालं नसतं. ब्रूनो बेटलहाइम यांनी तर १९६७ मध्ये आयांना जबाबदार धरणारा ग्रंथच लिहिला.

एवढे बारकावे टिपणारे पालक थंड कसे? मुलाच्या प्रत्येक सवयीची नोंद ठेवणाऱ्या बापात कॅनर यांना कोरडी शिस्त दिसली. तिच्यामागची काळजी दिसली नाही. शिवाय बाल्टिमोरपर्यंत पोहोचायला पैसा आणि शिक्षण लागे. त्यामुळे त्यांच्यापुढे वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशीच घरं आली आणि त्या वर्गाचा संयम हाच आजाराचा उगम ठरला.

मत बदलण्याइतका मोठेपणा त्यांच्यात होता. बर्नार्ड रिमलंड या स्वमग्न मुलाच्या वडिलांनी १९६४ मध्ये पालकदोषाचा सिद्धांत खोडून काढणारं पुस्तक लिहिलं, त्याला प्रस्तावना कॅनर यांचीच. १९६९ मध्ये वॉशिंग्टनला पालकांच्या सभेत त्यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. आपलं म्हणणं पहिल्यापासून जन्मजात दोषाचंच होतं, आपलं बोलणं लोकांनी चुकीचं सांगितलं, असंही ते तेव्हा म्हणाले. त्यांचंच १९४९ सालचं लेखन मात्र तसं सांगत नाही. दोषमुक्ती आली, पण ज्या आरोपाला त्यांनीच बळ दिलं होतं त्याची कबुली आली नाही.