रिकामी जमीन

मुलांच्या धाडसकथांत एक कुटुंब हमखास भेटते. गाडीत संसार भरून ते अनोळखी मुलखात निघते. बाप लाकडे तोडून घर उभारतो, आई उघड्यावर चूल मांडते, आणि वाचणारे मूल त्या घरात राहायला जाते. लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेचे ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ हे 1935 सालचे पुस्तक असेच गोड आहे. मात्र त्यातल्या एका वाक्यात तिथल्या मूळ रहिवाशांची गणती माणसांत झालेलीच नव्हती. वस्तुतः ती भूमी ओसेज लोकांची! कोणी हरकत घेतली तेव्हा लेखिकेने चूक मान्य केली आणि 1953 साली ‘माणसे’च्या जागी ‘वसाहतकरी’ हा शब्द आला. अठरा वर्षे ते वाक्य तसेच छापले जात होते.

आपल्याकडे अशी कथा मुलचेऱ्याची आहे. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेला हा भाग पूर्वी चांदा जिल्ह्यात होता. 1960च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून परागंदा झालेली बंगाली कुटुंबे सरकारने इथे वसवली. तीही पश्चिमेकडेच आली; पण जमिनीच्या ओढीने नव्हे, घरदार सुटले म्हणून. नद्यांच्या मुलखातली ही माणसे सागाबांबूच्या रानात रुजली; त्यांनी धान पिकवले. त्यांच्या नातवंडांनी ही कथा अभिमानाने ऐकावी.

पण त्या रानात गोंड आणि माडिया आधीपासून नांदत होते. परक्याला मोकळी दिसणारी जागा त्यांच्या लेखी मोहफुलांची, गुरांची, देवाची होती.

मग दुःख भोगून आलेल्याला आधीचा माणूस दिसला नाही, तर दोष कोणाचा? मला वाटते, त्याचा नव्हे, कथा सांगणाऱ्याचा. भुकेला माणूस पानावर बसताना शेजारी कोण आहे हे पाहत नाही. पण त्याची गोष्ट सांगणारा तर पोटभर जेवलेला असतो! त्याने पाहायलाच हवे.

कोणी म्हणेल, एवढे ओझे मुलांवर कशाला? पण मुले इतकी नाजूक नसतात. ‘आधी इथे कोण राहत होते?’ हा प्रश्न मोठ्यांआधी त्यांनाच सुचतो. आपण उत्तर टाळतो, आणि मग तीही विचारणे सोडून देतात.

यंदा फराळानंतर अशी गोष्ट सांगायची झाली, तर गाडी रानात शिरते तिथे घटकाभर थांबावे, आणि झाडाआडून ती पाहणाऱ्या माडिया पोरालाही एक नाव द्यावे.