बिऱ्हाडाची मुदत

खासगी मालकीच्या घरात राहणाऱ्या भाडेकरूचे स्थैर्य तीन गोष्टींवर उभे असते. घर खाली करायला लावायचे तर त्याला कायद्याने मान्य केलेले कारण हवे. कारण असले तरी दुसरे घर शोधायला पुरेसा अवधी हवा. आणि पुढच्या वर्षी भाडे किती होईल, याचा हिशेब कुटुंबाला आजच मांडता यायला हवा. यातली एक गोष्ट निसटली तरी उरलेल्या दोन फार काळ टिकत नाहीत. मुदत पक्की पण भाडेवाढ मोकाट असेल, तर मालकाला नोटीस द्यावीच लागत नाही. वाढलेला आकडाच घर खाली करवतो.

2011च्या जनगणनेनुसार शहरी भारतातली सुमारे 27.5 टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. चेन्नईत हे प्रमाण बरेच जास्त आहे. या शहराला भाडेकरू-संरक्षणाचा शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात दोन्ही टोकांचे कायदे सापडतात. म्हणून या प्रश्नाचा अभ्यास करायला चेन्नईइतके बोलके शहर दुसरे क्वचितच असेल.

आशेचा कायदा

पहिला टप्पा मद्रास शहर भाडेकरू संरक्षण अधिनियमाचा, 1921चा. त्या काळी शहरात अनेकांनी दुसऱ्याची जमीन भाड्याने घेऊन तिच्यावर स्वतःच्या पैशाने घरे बांधली होती. रास्त भाडे देत राहिलो तर आपल्याला कोणी उठवणार नाही, या आशेवर ही घरे उभी राहिली, असे त्या कायद्याच्या उद्देशिकेतच नमूद आहे. जमिनीचे भाव चढले आणि जमीनमालक जागा परत मागू लागले, तेव्हा कायद्याने भाडेकरूच्या बांधकामाला भरपाई देऊ केली. इतकेच नव्हे, तर न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला ती जमीन विकत घेण्याचा अर्ज करण्याची मुभाही दिली. 1996च्या दुरुस्तीने धार्मिक संस्थांच्या जमिनी या संरक्षणातून वगळल्या. मैलापूर क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली ही दुरुस्ती वैध ठरवली. मैलापूर, तिरुवल्लिक्केणीसारख्या देवळांभोवती वाढलेल्या वस्त्यांच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता.

रास्त भाड्याचा कायदा

दुसऱ्या महायुद्धात शहरात घरांची टंचाई झाली आणि 1941पासून भाडेनियंत्रणाचे आदेश निघाले. पुढे 1946 आणि 1949चे कायदे आले. त्यांची जागा 1960च्या तमिळनाडू इमारती (भाडेपट्टा व भाडेनियंत्रण) अधिनियमाने घेतली. हा कायदा जवळजवळ साठ वर्षे शहराच्या घरगुती जीवनाचा आधार होता. त्याने घर खाली करवण्याची कारणे मोजून दिली : हेतुपुरस्सर थकबाकी, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, घराचा गैरवापर किंवा नुकसान, मालकाची स्वतःची गरज, इमारत पाडून नवी बांधणे. करारातली मुदत संपली एवढ्यावरून भाडेकरूला बाहेर काढता येत नसे. भाडे थकले तरी ते हेतुपुरस्सर थकवले का, हे न्यायालय पाहत असे. 1985 साली सुंदरम पिल्लै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘हेतुपुरस्सर’ या एका शब्दाचा सविस्तर कीस पाडला, तो याचसाठी. महिना 400 रुपयांपेक्षा जास्त भाड्याची राहती घरे संरक्षणाबाहेर ठेवणारी तरतूदही त्याच न्यायालयाने 1986 साली समतेच्या तत्त्वावर रद्द केली.

मद्रासच्या या कायद्याची तुलना मुंबईशी करावीच लागते. 1947च्या मुंबई भाडे कायद्याने बहुसंख्य जुन्या घरांचे भाडे 1 सप्टेंबर 1940च्या पातळीला बांधून टाकले. त्या भाड्यात चाळीचा जिना दुरुस्त करणेही परवडेना, म्हणून मालकांनी दुरुस्तीचा नाद सोडला. इमारती ढासळू लागल्या आणि 1969च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ नेमावे लागले. उघड बाजारात जे भाडे घेता येत नव्हते, ते पागडीच्या रूपाने मागच्या दाराने आले. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने हे गोठलेपण अवाजवी ठरवले. त्यानंतर महाराष्ट्राचा 1999चा कायदा आला आणि संरक्षित भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मान्य झाली.

मद्रासने भाडे असे गोठवले नव्हते. राहत्या इमारतीचे रास्त भाडे जमीन व बांधकाम यांच्या एकूण किमतीवर वर्षाला नऊ टक्के या दराने काढण्याचे सूत्र कायद्यातच होते आणि मालकाला त्यासाठी अर्ज करता येत असे. सूत्र शहाणपणाचे होते, पण अंमल संथ होता. रास्त भाड्याचा किंवा ताब्याचा दावा लघुवाद न्यायालयात सुरू झाला की अपील, पुनरीक्षण आणि पुन्हा फेरचौकशी अशा फेऱ्यांत वर्षे जात. एकदा भाडेकरू बसला की उठत नाही, अशी मालकांची समजूत झाली. अनेकांनी घर भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे पत्करले. 2011च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे 1 कोटी 11 लाख घरे रिकामी आढळली. त्यामागे कारणे अनेक असली, तरी ही भीती त्यांतले एक मोठे कारण आहे.

कराराचा कायदा

22 फेब्रुवारी 2019 रोजी तमिळनाडूचा 2017चा घरमालक-भाडेकरू हक्क व जबाबदाऱ्या कायदा लागू झाला आणि 1960चा कायदा संपला. नव्या कायद्यात भाडे ठरवण्याचे काम दोन्ही पक्षांवर सोपवले आहे. करार लेखी हवा आणि तो उपजिल्हाधिकारी दर्जाच्या भाडे प्राधिकाऱ्याकडे नोंदवायला हवा. राहत्या घराची अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. वाद चालू असतानाही मालकाला पाणी किंवा वीज तोडता येत नाही. दुसरीकडे, मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट भाडे वसूल करता येते.

यात भाडेकरूच्या भल्याच्या तरतुदी आहेत, हे मान्य करायला हवे. पण स्थैर्याचा पाया सरकला आहे. पूर्वी मुदत संपली तरी कारण लागत असे. आता मुदत संपणे हेच पुरेसे ठरते. मुदत किती असावी याबद्दल कायदा गप्प आहे. किमान कालावधी नाही, नूतनीकरणाचा हक्क नाही. जुने भाडेकरू आणि मालक यांच्यात नवा लेखी करार झाला नाही, तर तेवढ्यावरूनही मालकाला ताबा मागता येतो. 2 जून 2021 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यानेही मुदतीचा प्रश्न करारावरच सोडला.

आणि करार असतो अकरा महिन्यांचा. 1908च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे आहे. तो खर्च आणि खटपट टाळण्यासाठी पडलेली ही प्रथा आता देशभर घट्ट बसली आहे. नव्या कायद्याप्रमाणे मुदत कितीही असली तरी भाडे प्राधिकाऱ्याकडे नोंद हवीच. तरीही अकराचा आकडा हटलेला नाही.

एका घरबदलाचा हिशेब

चेन्नईत घर बदलणे म्हणजे काय, हे जवळून पाहिले की मुदतीचे मोल कळते. घरमालक ‘ॲडव्हान्स’ मागतो. दहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम घेण्याची शहरात जुनी रीत आहे आणि कायद्याने तीन महिन्यांची मर्यादा घातल्यावरही ती पुरती गेलेली नाही. जुन्या घराचा ॲडव्हान्स हाती येण्याआधी नव्या घराचा भरावा लागतो. जुना परत मिळताना रंगकामापोटी बहुधा एका महिन्याचे भाडे कापले जाते. दलाल एका महिन्याचे भाडे घेतो. आडी आणि मार्गळी या तमिळ महिन्यांत नव्या घरी जाणे अशुभ मानतात, त्यामुळे जुलैच्या आणि डिसेंबरच्या मध्यापासून महिनाभर शोध जवळजवळ थांबतो. त्यातच करार संपला तर कुटुंबाची कोंडी होते. नव्या घरात पहिल्यांदा चुलीवर दूध उतू घालवतात. हा विधी दर दोन वर्षांनी करावा लागणाऱ्या घरात मुलांची शाळा, शिधापत्रिकेवरचा पत्ता, मतदार यादीतले नाव, म्हाताऱ्यांचा ओळखीचा दवाखाना, सगळेच नव्याने जुळवावे लागते.

हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ‘फक्त शाकाहारींसाठी’ ही अट, धर्म आणि जातीची चौकशी, एकट्या स्त्रीविषयीचा संशय यांमुळे ज्यांना दुसरे घर मिळणेच अवघड, त्यांच्यासाठी नूतनीकरणाला दिलेला नकार म्हणजे वस्तीतून हद्दपारी ठरते. परप्रांतीयांचेही तेच. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी तमिळनाडूत गेलेल्या मराठी कुटुंबांना भाषा, ओळख आणि जामीन या तिन्ही गोष्टी नव्याने कमवाव्या लागल्या आहेत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण अशा घरांत बोलण्यापुरती राहत नाही.

मधली वाट

ही कोंडी सुटू शकते, हे इतर देशांनी दाखवले आहे. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याने राहतात आणि तिथे भाडेकरार साधारणपणे बेमुदत असतो. मालकाला स्वतःच्या गरजेसारखे रास्त कारण द्यावे लागते. नोटिशीची मुदत तीन महिने, पाच वर्षे राहिलेल्याला सहा आणि आठ वर्षे राहिलेल्याला नऊ महिने. स्कॉटलंडने डिसेंबर 2017पासून खासगी भाडेकरार बेमुदत केले. इंग्लंडने 1988च्या कायद्यातली विनाकारण घर खाली करवण्याची तरतूद 2025च्या कायद्याने मोडीत काढली. या देशांत घरे भाड्याने देणे बंद पडलेले नाही.

तमिळनाडूत यासाठी कायदा मुळापासून बदलण्याची गरज नाही. आहे त्यात चार कलमांची भर पुरेल. राहत्या घराच्या कराराला किमान तीन वर्षांची मुदत असावी आणि भाडेकरूला मात्र नोटीस देऊन आधी निघण्याची मुभा असावी. नूतनीकरण नाकारताना मालकाने कारण लेखी द्यावे. वार्षिक वाढीचे सूत्र करारातच लिहिणे सक्तीचे असावे. जितके दीर्घ वास्तव्य, तितकी दीर्घ नोटीस, हा नियम व्हावा. याच्या बदल्यात मालकाला खरी थकबाकी आणि खरी गरज यांवर काही महिन्यांत निकाल मिळाला पाहिजे. कारण साठ वर्षांच्या अनुभवात मालकाला संरक्षणापेक्षा न संपणाऱ्या दाव्याचीच धास्ती जास्त वाटली.

1921च्या कायद्याने भाडेकरूची आशा शब्दांत मांडली होती : रास्त भाडे देत राहिलो तर कोणी उठवणार नाही. ती आशा वाजवी होती आणि आजही वाजवी आहे. अकरा महिन्यांच्या करारात तिला जागा नाही. ती जागा करून देणे हे विधिमंडळाचे काम आहे आणि ते लांबवण्याला आता कोणतेही सबळ कारण उरलेले नाही.