भायखळ्यापर्यंत

११ मार्च २०१८ची रात्र. दुसऱ्या दिवशी लेकीचा दहावीचा पेपर. नाशिकहून ६ तारखेला निघालेला किसान लाँग मार्च शीवला सोमय्या मैदानावर पोचला होता. रात्री उशिरा कळलं, आझाद मैदानापर्यंतचा शेवटचा टप्पा ही माणसं रात्रीतूनच चालणार आहेत. सकाळी परीक्षेच्या पोरांची खोटी होऊ नये म्हणून.

मी खाली उतरले ती बिस्किटांचे पुडे घेऊन, देणारीच्या थाटात. परळच्या रस्त्यावर लाल टोप्या, लाल बावटे, आणि घोषणा जवळजवळ नाहीतच. नुसता हजारो चपलांचा घासल्यासारखा आवाज. एक बाई दुभाजकावर बसून चपलेचा तुटलेला अंगठा सुतळीने बांधत होती. मान वर न करता तिने आपलं बोचकं माझ्या हातात दिलं. "धर जरा." चप्पल बांधून झाली, ती उठून चालू लागली, बोचकं काही मागितलं नाही. मग मीही चालू लागले.

ती सुरगाण्याकडची. डोंगरउतारावर दोन एकर कसते, पण कागदावर जमीन वनखात्याची. २००६चा वनहक्क कायदा कसत असलेली जमीन चार हेक्टरपर्यंत नावावर करून द्यायला सांगतो. हिच्या दाव्यात मंजूर झाले दहा गुंठे. बोचक्यात तांदूळ होते आणि प्लास्टिकच्या पिशवीत सासूच्या काळातल्या दंडाच्या पावत्या. अतिक्रमण म्हणून खात्याने दंड केला, त्याचीच पावती आता कसण्याचा पुरावा! हे तिने हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

माझी आई १९७२च्या महागाईविरोधी लाटणं मोर्चाला गेली होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर ही नावं तिच्या तोंडी असत, पण आठवण निघाली की ती सांगायची शेजारच्या मावशींची. त्या दिवशी मावशींनी मला सांभाळलं आणि आमच्याही घरचा भात लावला. मावशींना महागाईबद्दल काय वाटत होतं, आईने कधी विचारलं नसावं. एकजुटीवर आपण बोलतो ते मतं जुळण्याच्या भाषेत. मी त्या बाईच्या मागण्या नीट ऐकल्या त्या बोचकं खांद्यावर आल्यानंतर.

१२ तारखेला सरकारने लेखी आश्वासन दिलं, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. शहराने तोंडभरून कौतुक केलं: काय शिस्त! मला ते तेव्हाही खटकलं. शिस्त होतीच, पण आमची वाहतूक अडली नाही याचंच आम्हाला अप्रूप जास्त. फेब्रुवारी २०१९मध्ये तीच माणसं पुन्हा नाशिकहून निघाली. मार्च २०२३मध्ये दिंडोरीहून निघून वासिंदपर्यंत आली. वनजमिनीचा प्रश्न तोच. तेव्हा आमच्या इमारतीतून कोणी पाणी घेऊन उतरलं नाही, मीसुद्धा नाही. वासिंदचा रस्ता आमच्या दारावरून जात नाही ना.

त्या रात्री मी भायखळ्यापर्यंतच गेले. लेकीला पहाटे उठवायचं होतं, डबा करायचा होता. बोचकं परत देताना जरा ओशाळले.

"पेपर कितीला?" तिने विचारलं.

"अकराला."

"तवर पोचतो आम्ही. जा तू."

घरी येऊन पाहते तर बिस्किटांचे पुडे माझ्याच पिशवीत.